बंद ठेवलेल्या शेतावर उन्हाळ्यात परतताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं बंद राहिलेलं लहान शेत आणि त्यावरचं घर उन्हाळ्यात पुन्हा चालू करायचं, तर बहुतेक लोक पोचल्याबरोबर कुदळ हातात घेतात. वाढलेलं गवत बघवत नाही, म्हणून आधी साफसफाई. मग लगेच वाफे, बी, रोपं. पाण्याचा विचार रोपं माना टाकू लागल्यावर येतो. तोवर कोरडा चाललेला पंप जळालेला असतो, ठिबकच्या नळ्या गाळानं तुंबलेल्या असतात आणि काम करणारा माणूस उन्हानं आडवा झालेला असतो. यातली कामं सगळी करायचीच असतात, पण उलट्या क्रमानं केल्यामुळे महिनाभराची मेहनत वाया जाते.

खाली दिलेला क्रम एकरभराच्या आसपासच्या शेतासाठी आहे: राहण्यापुरतं घर, एक विहीर किंवा बोअर, पाण्याची टाकी, थोडी झाडं आणि भाजीपुरती जागा. जमीन मोठी असली तरी क्रम तोच, कामाला दिवस जास्त लागतील इतकंच.

निघण्यापूर्वीची तयारी

शेजारच्या शेतकऱ्याला आठवडाभर आधी विचारून ठेवा: वीज चालू आहे का, विहिरीत पाणी दिसतं का, रस्ता आणि फाटक मोकळं आहे का. या उत्तरांवर सामानाची यादी ठरते.

पाणी सोबत न्यायचंच. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि हात-तोंड धुण्याचं मिळून माणशी रोज 10 लिटर, असं तीन दिवसांचं. शेतावरचं पाणी पिण्याजोगं निघेल हे गृहीत धरून रिकाम्या हातानं जाऊ नका.

बाकी यादी अशी: बॅटरी, जाड हातमोजे, गुडघ्याखालपर्यंतचे बूट, मास्क, वीज टेस्टर, फ्यूज, इन्सुलेशन टेप, टेफ्लॉन टेप, ठिबकचे जॉइनर आणि एंड कॅप, नव्यानं विकत घेतलेली ब्लीचिंग पावडर, ओआरएसची पाकिटं, टोकाला वजन बांधलेली लांब दोरी आणि मोजमापाची 20 लिटरची बादली. दोरी आणि बादली लोक हमखास विसरतात, आणि पुढचं सगळं गणित त्यांच्यावरच आहे.

धनुर्वाताची लस गेल्या 10 वर्षांत घेतलेली नसेल तर निघण्यापूर्वी घ्या. गंजलेली तार, जुना पत्रा, मातीत दबलेले खिळे यांच्याशी गाठ पडणारच आहे.

पोचायचं ते सकाळी. संध्याकाळी पोचलात तर अंधारात दार उघडावं लागतं, न तपासलेली वीज लावावी लागते आणि न झाडलेल्या खोलीत झोपावं लागतं. नेमक्या याच तीन गोष्टी टाळायच्या आहेत.

टप्पा 1: कशालाही हात न लावता एक फेरी

बूट घालून, काठी घेऊन घराभोवती आणि शेतात एक संथ चक्कर मारा. लोंबणाऱ्या विजेच्या तारा, तारांवर टेकलेल्या फांद्या, छपराखालची गांधीलमाश्यांची पोळी, मधमाश्यांचं मोहोळ, विहिरीच्या कठड्याला गेलेले तडे, गवतात झाकलेले खड्डे हे सगळं टिपून ठेवा. मोहोळ दिसलं तर धूर करू नका. माणसांच्या वाटेत असेल तर जाणकाराला बोलवा, नसेल तर राहू द्या.

लाकडांचा ढीग, विटांचा चौथरा, जुनी पोती, पालथी घमेली ही साप-विंचवांची जागा. तिथे हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं. वस्तू उचलताना तिची पलीकडची कड आपल्याकडे उचलावी, म्हणजे खालून काही निघालं तर ते समोरच्या बाजूनं बाहेर पडतं.

सावधान: साप चावल्यास जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यांपैकी काहीही करू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि माणसाला न चालवता दवाखान्यात न्या. प्रतिविष मिळणारा जवळचा दवाखाना कोणता, हे पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या.

आता घर. दारं-खिडक्या उघडा आणि किमान अर्धा तास आत थांबू नका. गॅसचा वास आला तर एकही बटण दाबू नका, चालू किंवा बंद काहीच करू नका. बाहेरूनच हवा खेळू द्या.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या की लोक सरळ झाडू घेतात. कोरडं झाडल्यानं लेंड्यांची आणि मुताची धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते; उंदरांचे काही रोग याच वाटेनं पसरतात. एक भाग द्रव ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण करून जागा पूर्ण भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसून घ्या. गाद्या आणि पांघरुणं झटकण्याआधी उन्हात टाका.

टप्पा 2: शरीराला ऊन सोसू द्या

हा टप्पा पुढच्या सगळ्या टप्प्यांच्या सोबत चालतो, म्हणून इथेच वाचून घ्या. उन्हात काम करण्याची सवय शरीराला लागायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात, आणि महिनाभर दूर राहिलं की ती जवळजवळ पूर्ण जाते. पूर्वी दिवसभर नांगर धरला असेल, तरी त्याचा आज उपयोग नाही.

कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या अमेरिकी संस्थेचं प्रमाण सोपं आहे. उन्हातल्या कामाचा पूर्वानुभव असलेल्यानं पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मं काम करावं, दुसऱ्या दिवशी 60 टक्के, तिसऱ्या दिवशी 80 टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण. अनुभव नसलेल्यानं पहिल्या दिवशी फक्त 20 टक्के, आणि पुढे रोज 20 टक्क्यांची वाढ. वर्षभर लांब राहिलेल्यांनी स्वतःला दुसऱ्या गटात धरावं असं माझं ठाम मत आहे.

काम सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. तहान लागायची वाट न बघता दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी घ्या. खूप घाम गेला असेल आणि ओआरएस संपलं असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, 5 मिलिलिटरचा. मीठ अंदाजानं वाढवू नका.

सावधान: माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, जाड कपडे काढा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. श्रमानं होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो.

टप्पा 3: वीज

मेन स्विच बंद असल्याची खात्री करून मगच बोर्ड आणि पंपाच्या स्टार्टरची पेटी उघडा. आत पालींची घाण, मुंग्यांचं वारूळ, कुंभारमाशीची मातीची घरटी, कुरतडलेल्या वायरी सापडतात. कोरड्या ब्रशनं साफ करा. वायरचं आवरण कुठेही तुटलेलं असेल तर टेप गुंडाळून भागवू नका, तो तुकडा बदला.

नंतर मेन चालू करून ईएलसीबीचं, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा. तो खटकन खाली पडला पाहिजे. पडला नाही तर आधी इलेक्ट्रिशियन, मग पंप. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून तो ओला करा आणि तार घट्ट आहे का पाहा.

तपासणी: घरातला एक दिवा, एक पंखा तासभर चालू ठेवा. बोर्ड गरम लागत नाही, जळका वास येत नाही, एवढं पाहूनच पंपाकडे वळा.

टप्पा 4: पाणी मोजा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे, आणि सगळ्यात जास्त वगळला जाणाराही हाच.

*पातळी.* वजन बांधलेली दोरी विहिरीत सोडा. तळ लागला की खूण करा, वर काढून ओला भाग मोजा. किती खोल पाणी आहे ते कळलं. बोअरमध्ये पंप सोडलेला असताना दोरी केबलमध्ये अडकू शकते; तिथे पातळी मोजायचं काम बोअरवाल्यावर सोपवा.

सावधान: बंद राहिलेल्या विहिरीत गाळ काढायला, फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) मोकळा करायला स्वतः उतरू नका. तळाशी प्राणवायू कमी आणि विषारी वायू जास्त असू शकतो. दिवा सोडून पाहायची जुनी रीत फक्त प्राणवायूबद्दल सांगते. दिवा जळत राहिला तरी विषारी वायू असू शकतो. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे लगेच उतरणारा दुसराही बळी जातो. हे काम योग्य साधनं असलेल्यांचंच आहे. बंदिस्त टाकीलाही हाच नियम.

*पंप.* जमिनीवरचा पंप असेल तर वीज तोडून शाफ्ट हातानं फिरवून बघा. महिनोन्महिने उभा राहिलेला पंप आतून धरतो, आणि तसाच चालू केला तर मोटर घुमते आणि वाइंडिंग जळतं. शाफ्ट मोकळा फिरला की पंपात काठोकाठ पाणी भरा. भरलेलं पाणी खाली उतरत असेल तर फूटव्हॉल्व्ह गळतोय. तो दुरुस्त होईपर्यंत पंप लावू नका. चालू केल्यावर दोन मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करा आणि कारण शोधा. "थोडा वेळ चालू दे, ओढेल" या वाक्यानं पुष्कळ पंप गेलेत.

*आवक.* पहिलं गढूळ पाणी झाडांकडे सोडा. स्वच्छ धार लागली की 20 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. समजा 25 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला 48 लिटर. आता पाणी तुटेपर्यंत पंप किती वेळ चालतो ते बघा, पण पाण्यात हवा येऊ लागताच बंद करायच्या तयारीनं तिथेच उभं राहा. समजा 40 मिनिटं चालला: एका वेळचे 1920 लिटर. पातळी पुन्हा पूर्वीच्या खुणेवर यायला किती तास लागतात हेही लिहून ठेवा. दिवसातून दोनदा उपसा जमत असेल तर 3840 लिटर.

यातले तीन-चतुर्थांशच आपले धरा, म्हणजे 2880. उन्हाळा पुढे सरकेल तशी आवक घटत जाते, आणि सुरुवातीच्या आकड्यावर बाग मांडली की ऐन कडाक्यात हात टेकावे लागतात.

*वाटणी.* एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक, कोरड्या उन्हात भरात आलेल्या भाजीला रोज 6 ते 8 मिलिमीटर लागतं, म्हणजे चौरस मीटरला 6 ते 8 लिटर. वरच्या उदाहरणात घराला 300 लिटर, वीस झाडांना सरासरी 40 प्रमाणे 800 लिटर गेले. उरले 1780. भागिले 8 केलं तर 222 चौरस मीटर, आणि गळती-वाफ धरून 180. दोन गुंठेसुद्धा नाही.

लोक या आकड्यावर नाराज होतात आणि मोकळी जमीन दिसते म्हणून तिप्पट जागा लावतात. तसं करू नका. पुरेसं पाणी मिळालेले दोन गुंठे, अर्धपोटी ठेवलेल्या सहा गुंठ्यांपेक्षा जास्त भाजी देतात.

*टाकी आणि पिण्याचं पाणी.* टाकी पूर्ण रिकामी करून, आत न उतरता, लांब दांड्याच्या ब्रशनं आतून घासा, गाळ काढा, पुन्हा भरा. 33 टक्के क्लोरीनच्या ताज्या ब्लीचिंग पावडरचं प्रमाण 1000 लिटरला 150 ग्रॅम. पावडर बादलीत कालवून निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं टाकीत ओता. चुन्याचा साका नको. घरातले नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करा. 12 तासांनी सगळं पाणी झाडांपासून लांब सोडून द्या आणि टाकी दोनदा विसळा. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास धुण्याचं द्रव मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

रोजच्या वापरासाठी 1000 लिटरला सुमारे 2.5 ग्रॅम पावडर आणि तासभर थांबणं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून-गाळून घ्या, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशीच खर्च होतं. हा उपाय जंतूंपुरता आहे. क्षार, नायट्रेट, फवारणीच्या औषधांचे अंश त्यानं जात नाहीत. म्हणून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या, आणि अहवाल येईपर्यंत सोबत आणलेलं किंवा खात्रीच्या ठिकाणचं पाणी प्या.

टप्पा 5: पाइप आणि ठिबक

इथे क्रम चुकला की सगळी नळी बदलायची वेळ येते. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडून पंप लावला, तर मेन लाइनमधला गाळ, किडे आणि शेवाळ थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतं. क्रम असा ठेवा:

1. फिल्टर उघडा, जाळी धुवा. जाळी फाटली असेल तर नवी बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका.
2. सबमेनचे (मेन लाइनमधून फुटणाऱ्या फाट्यांचे) व्हॉल्व्ह बंद ठेवून फक्त मेन लाइनचं टोक उघडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा, टोक बंद करा.
3. आता सबमेन, एकेक करून, तसंच.
4. शेवटी लॅटरल, म्हणजे ड्रिपर असलेल्या बारीक नळ्या. टोकाच्या कॅप काढा, एका वेळी चार-पाच नळ्याच धुवा. जास्त उघडल्या तर दाब पडतो आणि गाळ आतच राहतो.
5. कॅप लावून नळीवरून चालत जा. उंदरांनी कुरतडलेल्या जागी कारंजी दिसतील, तिथे जॉइनर टाका.

तपासणी: ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली भांडं ठेवा, 15 मिनिटांत एक लिटर जमला पाहिजे. नळीच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन ड्रिपर मोजा. शेवटचा फार कमी देत असेल तर कुठेतरी गळती किंवा अडथळा शिल्लक आहे.

टप्पा 6: जिवंत असलेली झाडं

बी पेरण्याआधी झाडं, कारण वाया गेलेला वाफा पुन्हा पेरता येतो, पण वाळलेलं झाड परत उभं करायला वर्षं लागतात.

वाळल्यासारख्या दिसणाऱ्या फांदीची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे. पानं गळाली म्हणून झाड मेलं असं समजून कुऱ्हाड चालवू नका. पाण्याच्या ताणात झाड आपणहून पानं टाकतं.

खूप दिवस कोरडी राहिलेली माती पाणी घेत नाही, ते वरून वाहून जातं. म्हणून पहिलं पाणी हलकं द्या, अर्धा तास थांबा, मग उरलेलं द्या. भेगाळलेल्या चिकण जमिनीत उलट होतं, पाणी भेगांतून खाली निघून जातं. तिथे आधी खुरप्यानं भेगा बुजवा. आळं खोडाला चिकटून नको. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या आसपास पाणी पोचलं पाहिजे, शोषणारी मुळं तिथे असतात. दुसऱ्या दिवशी आळ्यात लोखंडी सळई खुपसा: ओल्या मातीत ती सहज जाते, कोरड्या थराला अडते. फूटभर तरी गेली पाहिजे.

झाडावर फळं असतील तर पाणी आठवडाभरात हळूहळू वाढवा. ताणावरून एकदम भरपूर पाणी दिलं की डाळिंब आणि लिंबू जातीची फळं तडकतात.

या काळात दोन गोष्टी टाळा. एक, छाटणी: हिरव्या फांद्या काढल्या की सावलीतल्या सालीवर सरळ ऊन पडून ती भाजते. मेलेलं तेवढं काढा, उघड्या पडलेल्या खोडाला चुना लावा. दुसरी, रासायनिक खत: तहानलेल्या मुळांना क्षारांनी अधिकच त्रास होतो. नवी पालवी दिसेपर्यंत खत नको. आच्छादन मात्र लगेच द्या, चार बोटं जाडीचं, खोडापासून वीतभर लांब.

टप्पा 7: गवत आणि आग

आता कुठे विळा हातात घ्यायचा. आधी घराभोवती 10 मीटरचा पट्टा, कारण वाळलेलं गवत म्हणजे आगीला वाट. मग पंपाकडे जाणारी पायवाट. बाकीचं गवत उपटू नका, कापा. मुळं जमिनीत राहिली की माती उघडी पडत नाही, आणि कापलेलं गवत आच्छादनाला येतं. बी धरलेलं गवत मात्र वेगळं ठेवा, नाहीतर आच्छादनातूनच तण पेराल.

पेटवून साफ करण्याचा मोह कितीही झाला तरी नाही. उन्हाळ्यात वारा कधी फिरेल याचा भरवसा नसतो. गवत कापायचं यंत्र वापरणार असाल तर सकाळचं दव असताना वापरा, पातं दगडावर आपटून ठिणगी पडते. महिनोन्महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल काढून नवं भरा. यंत्र सुरू होत नाही याचं हे नेहमीचं कारण.

टप्पा 8: पेरणी

टप्पा 4 मधला आकडा समोर ठेवा आणि पहिल्या खेपेला त्याच्या निम्म्या जागेतच पेरा. भेंडी, चवळी, गवार ही उन्हाला तोंड देणारी पिकं. पालेभाज्या आणि कोबीवर्गाचा हट्ट या दिवसांत धरू नका.

शेतावर पडून राहिलेलं बी आधी तपासा: 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आठवड्याभरात 14 पेक्षा कमी उगवल्या तर दाट पेरा, 10 पेक्षा कमी असतील तर नवं बी आणा. आधी वाफा भिजवा, वाफसा आल्यावर (माती ओलसर आहे पण चिखल नाही, अशी झाल्यावर) पेरा आणि वर पातळ आच्छादन टाका. कोरड्या मातीत पेरून वरून पाणी ओतलं की पृष्ठभागावर पापडी धरते आणि कोंब तिच्याखाली भाजतात. रोपं लावायची तर संध्याकाळी, आणि पहिले काही दिवस पश्चिमेकडून सावली करून.

कोठारातली जुनी कीटकनाशकं वापरू नका. लेबल गेलेली किंवा गळणारी बाटली उघडू नका, ओतूही नका, दुसऱ्या बाटलीत भरू नका. ती मुला-जनावरांपासून दूर, कुलपात ठेवा आणि विल्हेवाटीबद्दल कृषी खात्याला विचारा.

टप्पा 9: जनावरं सगळ्यात शेवटी

उन्हात दुभती गाय दिवसाला 100 लिटरपर्यंत पाणी पिते. पाण्याची व्यवस्था सलग आठवडाभर विनातक्रार चालली, सावली उभी राहिली आणि चारा साठवला, की मगच जनावरं आणा. वाहतूक रात्री किंवा पहाटे. कोंबड्यांच्या खुराड्याला दोन समोरासमोरच्या बाजूंनी जाळी हवी. वारा खेळला नाही तर दुपारच्या उकाड्यात त्या पटापट मरतात.

पाणी घटलं तर काय सोडायचं

दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, सकाळी पंप लावण्यापूर्वी दोरीनं पातळी मोजून वहीत लिहा. लागोपाठ दोन आठवडे पातळी उतरली तर तिसऱ्याची वाट न बघता कपात करा. आधी नवी पेरणी थांबवा. मग ज्या भाजीचा भर ओसरला आहे तिचं पाणी तोडा. त्यानंतर मोठ्या, खोल मुळांच्या झाडांचं पाणी दिवसाआड किंवा चार दिवसांनी करा, पण देताना भरपूर द्या. तीन वर्षांखालच्या झाडांचं पाणी शेवटपर्यंत राखा. त्यांची मुळं वरच्या थरातच असतात. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी या कपातीत धरायचंच नाही. तेही कमी पडेल असं दिसलं तर जनावरं आधी हलवा, पाणी पूर्ण तुटायच्या आत.